देणगीदार : कु. केतकी माळवदे, सातवी ब

"आई, बघ तरी! घेवड्याच्या शेंगेसारखं दिसतंय," मी म्हणाले.

आईनं ओढणी तोंडाला लावली आणि भिंतीकडं मान फिरवली. "झाक ते आधी. पोटातलं बाहेर काढलंय तर आता सगळ्यांना दाखवत सुटलीय कार्टी."

पप्पांनी मात्र बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा बारीक करून बघितलं, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. पांढऱ्या झाकणाची छोटी प्लॅस्टिकची बरणी, आत उग्र वासाचं पाणी, आणि त्यात माझं अपेंडिक्स. परवापर्यंत मला गुरासारखं ओरडायला लावणारी वस्तू आता एका कडेला गुपचूप पडून होती. मला तिचा अभिमानच वाटत होता. आमच्या घरात आजवर कुणाचंच काही काढलेलं नव्हतं.

तेवढ्यात ऑपरेशनवाले डॉक्टर राउंडला आले. त्यांनी पप्पांच्या हातात एक फॉर्म दिला. "माळवदे, हे सांगलीच्या लॅबला पोचवायचं. अपेंडिक्स जरा जास्तच जाड निघालं, शेजारचं आतडंही लालसर वाटलं मला. तपासलेलं बरं. आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येतो. विसरू नका."

"नाही विसरत," पप्पा म्हणाले.

"यांचं काय सांगता येत नाही डॉक्टर," आई म्हणाली, "गिऱ्हाइकाचा ब्लाऊज लग्न झाल्यावर पोचवणारा माणूस आहे हा." डॉक्टर हसले, पप्पाही हसले. तेव्हा ती नुसती गंमत होती.

आमच्याकडं विट्यात तसंच चालतं. ऑपरेशन इथं होतं आणि काढलेला तुकडा नातेवाइकांनी पिशवीतनं मोठ्या गावच्या लॅबला न्यायचा असतो. कुणी जातं, कुणी एसटीच्या कंडक्टरकडं देतं, आणि लॅबचा माणूस सांगलीच्या स्टँडवर येऊन उतरवून घेतो. पप्पांचं 'माळवदे टेलर्स' स्टँडच्या मागच्या गल्लीत आणि माझी शाळा स्टँडला चिकटून. म्हणजे बरणीला जायला दोनशे पावलांचीही अडचण नव्हती.

पण लग्नसराई होती. बरणी आठवडाभर आमच्या फडताळात, पापडाच्या डब्यामागं राहिली. आई रोज विचारायची आणि पप्पा रोज "उद्या" म्हणायचे. आणि मधल्या काळात माझ्या डोक्यात एक कल्पना आली.

त्या वेळची मी कशी होते ते सांगायला हवं, कारण आता माझ्या वर्गात कुणाला सांगितलं तर पटत नाही. आता मी अकरावीत आहे, वक्तृत्वाच्या चार ढाली माझ्या नावावर आहेत आणि मी बोलायला लागले की प्राचार्यांना घंटा वाजवावी लागते. सातवीत मी प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढं असायची, कारण वर्गात सगळ्यात बुटकी मीच. हजेरीला माझा "उपस्थित" ऐकू यायचा नाही म्हणून तीनदा गैरहजेरी पडली होती. माझी एकच मैत्रीण, शबनम तांबोळी, आणि तीही म्हणायची, "तुझ्यासंगं बोलणं म्हणजे भिंतीला चुना लावणं."

शुक्रवारी शाळेत विज्ञानदिनाचं प्रदर्शन होतं. मी पप्पांच्या मागं लागले. "एकच दिवस, पप्पा. मग सोमवारी सांगली."

"अगं, ते काय खेळणं आहे का?"

"सगळे ज्वालामुखी करून आणणार आहेत. सोड्याचा. दर वर्षी चौदा ज्वालामुखी असतात."

पप्पांनी मशिनचं चाक थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि हसले. मी काही मागितलंय असं फारसं व्हायचं नाही ना. "आईला कळू देऊ नकोस," ते म्हणाले.

मी वहीच्या पानाची चौकोनी पट्टी कापली, स्केचपेननं लेबल लिहिलं आणि बरणीवर डिंकानं चिकटवलं : 'मानवी आंत्रपुच्छ. देणगीदार : कु. केतकी बाळकृष्ण माळवदे, सातवी ब.'

त्या दिवशी जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चौदा ज्वालामुखी ओस पडले. माझ्या टेबलापुढं रांग! "नमस्कार! हे आहे मानवी आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला ते शेपटीसारखं लोंबतं. आता ओळखा, हे कुणाचं असेल?" असं म्हणून मी थांबायची. मग गणवेशावरनं उजवीकडं बोट ठेवून म्हणायची, "माझं!" मुली किंचाळायच्या. दहावीची मुलं दोनदा येऊन गेली. कुणीतरी विचारलं, "आता दुखतं का?"

"अजिबात नाही. मूळच काढलंय."

विज्ञानाचे जंगम सर बाजूला उभे राहून ऐकत होते. "अरे, ही बोलते?" ते म्हणाले. "तीन वर्षं मला वाटत होतं, या पोरीला आवाजच दिला नाही देवानं." सगळे हसले, मीही हसले, मोठ्यानं. मग सर म्हणाले, "माळवदे, पुढच्या शनिवारी तालुक्याचं प्रदर्शन आहे. तूच चल. बरणी सोमवारी आणून दे, मी कपाटात कुलपात ठेवतो."

सोमवारी. मी मान हलवली.

सोमवारी आई घरी नव्हती. कराडच्या मावशीचं डोहाळजेवण होतं, आई दोन दिवस तिकडं गेली होती आणि जाताना पप्पांना बजावून गेली होती, "मी यायच्या आत स्वतः जाऊन ती बरणी देऊन या. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही." पप्पा हो म्हणाले होते. पण अकरा ब्लाऊज त्या दिवशी द्यायचे होते आणि नवरीची आई सकाळी साडेसहाला दुकानाच्या पायरीवर येऊन बसली होती. पप्पांनी बरणी कापडी पिशवीत घातली, फॉर्म घडी करून बरणीला रबरबँडनं बांधला आणि पिशवी माझ्याकडं दिली.

"सात वीसची सांगली. कंडक्टर सूर्यवंशी आहेत, त्यांना म्हणावं, लॅबचा माणूस उतरवून घेईल. मी फोन करून ठेवतो लॅबला. देशील ना नीट?"

"देते."

"आणि आईनं विचारलं तर मीच गेलो होतो. उगं दोन तास ऐकून घ्यावं लागेल."

गाडी फलाटावर लागलेली होती. सूर्यवंशी काका दारात उभे राहून तंबाखू मळत होते. त्यांनी मला हाक मारली, "काय केतूताई, बरी झालीस का?" मी म्हणाले, "हो काका." आणि पिशवी छातीशी धरून त्यांच्यासमोरून शाळेच्या फाटकातनं आत गेले. फॉर्म सोडवून दप्तराच्या तळाशी कोंबला आणि बरणी जंगम सरांकडं दिली.

एवढंच. मी काही फार विचार केला नव्हता. मला वाटलं, शनिवारचं प्रदर्शन झालं की पुढच्या सोमवारी देऊ. काढून टाकलेल्या वस्तूला कसली घाई?

संध्याकाळी पप्पांनी काजं करता करता विचारलं, "दिलीस?"

"हो."

"सूर्यवंशी काय म्हणाले?"

"बरी झालीस का म्हणाले." खोट्यात खरं मिसळलं की ते किती सहज उतरतं हे मला त्या दिवशी कळलं. "लॅबला फोन केलात?" मीच उलट विचारलं.

"कुठला गं. सकाळपासून मान वर करू दिली नाही त्या बाईनं. देतात ते बरोबर उतरवून."

तालुक्याला माझा दुसरा नंबर आला. घरी मी सांगितलं, ज्वालामुखीला आला. बरणी परत आली ती थेट प्रयोगशाळेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, बेडूक आणि फुरशाच्या मधे. जंगम सरांनी कुलूप लावलं आणि म्हणाले, "शाळेची शान आहे ही. राहू दे इथंच." आता मागायची तर सरांना सांगावं लागणार होतं की ही तपासायला जायची होती. मी पुढच्या सोमवारी सांगणार होते. मग त्याच्या पुढच्या.

महिनाभरानं आई म्हणाली, "अहो, तो रिपोर्ट?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं.

"काही असतं तर त्यांनी फोन केला असता," पप्पा म्हणाले. "पोरगी ठणठणीत आहे की."

आईलाही ते पटलं. खरं तर ते मलाही पटलं. रिपोर्ट नाही म्हणजे काही नाही. बरणी कुठं आहे हे माहीत असूनसुद्धा मला ते पटलं!

जूनमध्ये पप्पा दर वर्षी माझं माप घेतात. दुकान उघडायच्या आधी, पहिलं गिऱ्हाईक मी. शिंप्याची पोर म्हणून गणवेश सगळ्यात आधी आणि दोन बोटं माया ठेवून, म्हणजे वर्षभरात उसवून वाढवता येतो. पप्पा टेप लावतात आणि आकडे सांगतात, आई मापाच्या वहीत लिहिते. माझ्यासाठी वहीत शेवटची पानं राखून ठेवलेली आहेत, पहिलीपासूनची. माप घेताना मी काही बडबडले की पप्पा टेप न सोडता म्हणायचे, "बोलू नकोस, माप चुकतं."

आठवीच्या जूनमध्ये पप्पा म्हणाले, "छाती सत्तावीस. कंबर साडेतेवीस. गणवेशाची उंची अडतीस."

आईनं मागच्या वर्षीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तर तेच आहे. कंबर उलट कमी."

"ऑपरेशन झालंय. खाईल आता," पप्पा म्हणाले. "कापड वाचलं आमचं."

खाईल आता! मी खात नव्हते, कारण खाल्लं की दुखायचं. एप्रिलपासनंच पुन्हा सुरू झालं होतं, त्याच बाजूला, आधी कधीमधी आणि मग रोज. सारखं तोंड यायचं. दिवसातनं चार-पाच वेळा पळावं लागायचं. शाळेतलं कुठलं संडास कुठल्या तासाला मोकळं असतं याचा नकाशा माझ्या डोक्यात पक्का होता. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, मी गार पाण्यानं तोंड धुऊन जेवायला बसायची आणि अर्धी भाकरी ताटाखाली सरकवायची. आईला मांडीवर भाकरीचा चुरा दिसला की ती म्हणायची, "बाहेरचं खात असशील, वडापाव." मी हो म्हणायची. वडापाव खाल्ल्याचा मार परवडला, पण "दुखतंय" म्हणाले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, "त्या रिपोर्टचं काय?"

आणि दुसरीकडं मी शाळेत कोण झाले होते! पाचवीची नवी मुलं आली की जंगम सर म्हणायचे, "केतकी, कपाट दाखव यांना." मी किल्ली फिरवायची. "हे आहे मानवी आंत्रपुच्छ..." एकदा बोलता बोलता अशी कळ आली की मी टेबलाची कड धरली. शबनमनं बघितलं. मुलं गेल्यावर ती म्हणाली, "तुझं तर काढलंय ना? मग काय दुखतंय?"

"गॅस."

"रोजच गॅस? माझी दादी म्हणते, कापल्याजागी वारं शिरतं." मग तिनं माझा दंड धरला. तिची बोटं दंडाला वेढा घालून एकमेकांना भेटली.

नववीच्या जूनमध्ये पप्पांनी टेप लावली. "छाती सव्वीस," ते म्हणाले आणि थांबले. टेप सोडून पुन्हा लावली. "सव्वीस. कंबर..." मग ते आत गेले, लोखंडी पट्टी घेऊन आले आणि टेप तिच्यावर धरून इंच न इंच तपासली. "टेप ताणलीय का काय," ते स्वतःशीच म्हणाले. कापडी टेप वापरून वापरून ताणते, ते खरं आहे. पण ती ताणलेली नव्हती. त्यांनी नवी टेप फोडली आणि तिसऱ्यांदा माप घेतलं.

आईच्या हातात पेन तसंच होतं. "सांगा की आकडा."

पप्पा म्हणाले, "दुकान बंद करतो. तिला डॉक्टरकडं न्यायचं."

मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं, सोनोग्राफी केली आणि पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्याला डॉ. नगरकर मॅडम, लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर. चष्मा डोक्यावर, आवाज शांत. त्यांनी माझं पोट दाबलं, बोटांची नखं बघितली, तोंडात बॅटरी मारली. मग विचारलं, "वाढीची काही नोंद आहे का? उंची, वजन?"

पप्पांनी पिशवीतनं मापाची वही काढली. मॅडमनी आधी कौतुकानं बघितलं आणि मग हळूहळू बोट एकेका जूनवरनं खाली नेलं. "पहिली ते सातवी वाढतेय. सातवीनंतर इथंच थांबली ही," त्या म्हणाल्या. "माळवदे, असा तक्ता मला आजवर कुणी आणून दिलेला नाही." पप्पा ताठ बसले. मला वाटतं, तो त्यांच्या कौतुकाचा शेवटचा क्षण असावा.

"अपेंडिक्स काढलंय. त्याचा बायॉप्सी रिपोर्ट?"

"सांगलीला दिलं होतं," पप्पा म्हणाले. "रिपोर्ट काही आला नाही. काही असतं तर त्यांनी कळवलं असतं."

"हे स्वतः जाऊन देऊन आले होते," आईनं भर घातली.

मॅडमनी त्यांच्या मदतनीस पोरीला सांगलीच्या लॅबला फोन लावायला सांगितला. आम्ही बसून राहिलो. भिंतीवर आतड्याचं रंगीत चित्र होतं, अपेंडिक्स त्यात करंगळीएवढं. पलीकडनं नाव शोधलं, तारीख शोधली, पुढची-मागची तारीख शोधली. मग ती पोरगी म्हणाली, "मॅडम, त्यांच्याकडं अशी एंट्रीच नाही. सॅम्पल पोचलेलंच नाही."

पप्पा वळले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. सरळ घातलेली शिलाई उलगडल्यावर तिरकी निघाली की ते कापडाकडं बघतात ना, तसं.

"शाळेत आहे," मी म्हणाले. आवाज जुनाच आला, हजेरीचा. "प्रयोगशाळेच्या कपाटात. दुसऱ्या फळीवर."

"शाळेत?" आई उभीच राहिली. "शाळेत कसं गेलं ते?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मी दिलं," पप्पा म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही सांगलीला गेला होतात!"

"नव्हतो गेलो. ब्लाऊज होते. जंगम सरांनी मागितलं प्रदर्शनाला, देऊन टाकलं. म्हटलं, काढलेल्या गोष्टीत आता काय तपासायचं."

"आणि ही? हिला माहीत होतं? तू बघत होतीस रोज आणि बोलली नाहीस?"

"मीच सांगितलं होतं तिला," पप्पा म्हणाले, "बोलू नकोस म्हणून."

मॅडमनी चष्मा डोक्यावरनं काढून डोळ्यावर घेतला आणि पप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं असावं. त्या फक्त म्हणाल्या, "आणता येईल का ते? त्या पाण्यात असेल तर अजून तपासता येईल."

पप्पा त्याच पावली विट्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बरणी घेऊन आले. आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ती बाकावरनं उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मी बरणीकडं बघितलं. लेबल नव्हतं, नुसता डिंकाचा पिवळा चौकोन.

"लेबल?" मी हळूच विचारलं.

"निघालं," पप्पा म्हणाले.

रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. तोवर दुर्बिणीनं आतनं बघून झालं होतं, टीबीची शंका होती ती तपासून बाजूला पडली होती. मॅडमनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. आजाराचं नाव क्रोन्स. शरीरच आपल्या आतड्याशी भांडत बसतं आणि सूज येत राहते. मुलांमध्ये ती कधीकधी अपेंडिक्सलाही धरते, क्वचित तिथंच पहिल्यांदा दिसते. वरनं बघितलं तर साधं अपेंडिक्स सुजल्यासारखंच दिसतं. "फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली," त्या म्हणाल्या. "या तुकड्यात तो स्पष्ट आहे. दीड वर्षापूर्वीही असाच स्पष्ट असणार."

आमच्या शाळेच्या कपाटात बरणी दुसऱ्या फळीवर होती आणि सूक्ष्मदर्शक तिसऱ्या.

"तेव्हा कळलं असतं तर?" आईनं विचारलं. ती मॅडमना विचारत होती, पण बघत पप्पांकडं होती.

"खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही," मॅडम म्हणाल्या. " हा आजार प्रत्येकात वेगळा चालतो. पण औषध दीड वर्ष आधी सुरू झालं असतं. आता एका ठिकाणी आतडं आवळून गेलंय, तेवढं काढावं लागेल."

तेवढं म्हणजे वीतभर. त्या ऑपरेशननंतर पुन्हा एक बरणी आली, या वेळी मोठी. लॅब त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होती, वॉर्डातला शिपाई-मामा ती घेऊन जायला आलाच होता. पण पप्पा म्हणाले, "मी नेतो." मामा म्हणाला, "अहो काका, आमचंच काम आहे ते." पप्पांनी ऐकलं नाही. बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते जिन्यानं खाली गेले, पोचपावती घेतली आणि रिपोर्ट मिळेपर्यंत तीन दिवस रोज सकाळी त्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. ती पावती अजून त्यांच्या पाकिटात आहे.

आता मी बरी आहे. म्हणजे आजार आहेच, तो जाणार नाही, ठरल्या दिवशी पुण्याला जाऊन सलाइनमधनं औषध घ्यावं लागतं. पण मी भाकरी खाते, पळते, भांडते, आणि बोलते तर इतकी की विचारू नका. दहावीच्या निरोपसमारंभात माझं भाषण झालं तेव्हा जंगम सर रडले. शबनम म्हणते, भिंतीला आता लाउडस्पीकर लावलाय.

आईही बोलते. गिऱ्हाइकानं "ब्लाऊज घरी पोचवाल का" असं विचारलं की आई आतनं म्हणते, "यांना पोचवायला सांगू नका हो, हे पोचवत नाहीत. एक बरणी पोचवता आली नाही दोनशे पावलं." गिऱ्हाईक हसतं. मामा आले, मावशी आली, पाहुणे आले की आई सगळी गोष्ट पहिल्यापासनं सांगते. पप्पा मशिन चालवत राहतात. मावशी एकदा म्हणाली, "बापानं पोरीचं आतडं घालवलं गं बाई." पप्पांनी दोरा दातानं तोडला. तेव्हा मी तिथंच होते, प्लेटमधले पोहे खात. पचतील तेवढे आणि मागून घेऊन.

एकदा मी त्यांना म्हणाले होते, दुकानात कुणी नसताना. "पप्पा, मी सांगते आईला." ते म्हणाले, "लॅबला फोन करतो म्हटलेलं, तो केला नाही मी." आणि कात्री चालवायला लागले. विषय संपला.

लेबल मला मापाच्या वहीत सापडलं. सातवीच्या पानावर, मागच्या बाजूनं चिकटवलेलं, अक्षरं आत. उजेडात धरलं तर माझं स्केचपेन उलटं दिसतं. आई त्या वहीत दर जूनला लिहिते, पण मागं पान उलटत नाही.

या जूनमध्ये कॉलेजचा गणवेश शिवायचा होता. दुकान उघडायच्या आधी, नेहमीसारखं. आई वही मांडीवर घेऊन स्टुलावर बसली, पप्पा माझ्यामागं. त्यांच्या डोक्यावर आता मला टक्कल दिसतं, एवढी मी वाढलेय.

"छाती बत्तीस," पप्पा म्हणाले.

आईनं लिहिलं आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "वाढली हो पोर. देवानं वाढवली. बापाच्या भरवशावर असती तर..."

मी आठ दिवस ठरवत होते. भाषण पाठ करतात तसं आरशासमोर म्हणून बघितलं होतं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. भीती कसली? हजार माणसांपुढं बोलते मी.

"आई," मी म्हणाले, "ती बरणी त्या दिवशी..."

कमरेभोवतीची टेप किंचित आवळली.

"बोलू नकोस," पप्पा मागनं म्हणाले. "माप चुकतं."

आईनं वर बघितलं. "काय म्हणत होतीस?"

टेप तशीच होती. पप्पांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. बाहेर सात वीसच्या सांगलीनं हॉर्न दिला.

"काही नाही," मी म्हणाले.

"कंबर साडेपंचवीस," पप्पा म्हणाले. "लिही."

आईनं लिहिलं.